सेटवर नवीन आहात? भेदभाव ओळखायचा कसा आणि त्याला तोंड कसं द्यायचं

मराठी मालिका असो, हिंदी वेबसिरीज असो की जाहिरात, या धंद्यात जवळजवळ सगळं तोंडी चालतं. काम ओळखीतून मिळतं, पैसे फोनवर ठरतात, उद्याचा कॉलटाइम, म्हणजे सेटवर पोहोचायची वेळ, रात्री उशिरा व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. एखादी व्यक्ती नकोशी झाली की तिला कुणी काढून टाकत नाही, फक्त फोन यायचा बंद होतो. भेदभाव या तोंडी कारभाराच्या आडोशानेच टिकतो. 'तू अमक्या जातीची म्हणून नको' असं कुणी म्हणत नाही. 'लुक जुळत नाही', 'टीममध्ये बसणार नाही', 'चॅनलला पटलं नाही' असं म्हणतात, आणि त्यावर बोलायला आपल्या हातात काहीच नसतं.

मी बरीच वर्षं मालिकांच्या सेटवर आधी असिस्टंट म्हणून आणि मग कंटिन्युइटीवर, म्हणजे एका शॉटचे तपशील पुढच्या शॉटशी जुळतात ना हे बघण्याचं, काम केलं. राज्य नाट्य स्पर्धा आणि पुरुषोत्तम करंडक गाजवून मुंबईत येणारी मुलंमुली दर वर्षी बघत आले. हे त्यांच्यासाठी लिहिते आहे. कॅमेऱ्यापुढे उभं राहायचं असो की मागे, माझा आग्रह एवढाच: जे तोंडी आहे ते जमेल तिथे लेखी करून घ्या, आणि एकटं पडू नका.

पायरी १: ऑडिशनला जाण्याआधी

अंधेरीत वर्सोव्याला आराम नगर आहे. जुन्या बंगल्यांमध्ये थाटलेली कास्टिंगची ऑफिसं, बाहेर कट्ट्यावर संवाद पाठ करत बसलेली पोरं. नवखा माणूस बहुतेक तिथूनच सुरुवात करतो. तिथे खरी ऑफिसं आहेत आणि नवख्यांना लुबाडणारेही आहेत. ओळखायची खूण सोपी: खऱ्या ऑडिशनला पैसे लागत नाहीत. रजिस्ट्रेशन फी, 'आर्टिस्ट कार्ड' काढून देण्याचे पैसे, आमच्याच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ कर अशी अट, यातलं काहीही पुढे आलं की तिथून निघा. काम मिळवून देणाऱ्या कोऑर्डिनेटरचं कमिशन असतं, पण ते काम झाल्यावर मिळालेल्या पैशांतून कापतात, आधी मागत नाहीत.

जाण्याआधी मेसेज करून चार गोष्टी विचारा: प्रॉडक्शन हाऊस कोणतं, भूमिका काय, ऑडिशन कुठे आणि कोण घेणार आहे. उत्तर फोनवर दिलं तरी 'आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे उद्या दुपारी अमुक ठिकाणी येते' असा मेसेज आपणच टाकून ठेवायचा. जागा हॉटेलची खोली किंवा कुणाचा फ्लॅट असेल, वेळ रात्रीची असेल, तर 'सेल्फ टेस्ट (स्वतःच चित्रित केलेली ऑडिशन) पाठवते' म्हणा. खरोखर काम असेल तर ती चालते.

'कॉम्प्रमाइज', 'अ‍ॅडजस्टमेंट', 'प्रोड्यूसरला खूश ठेवावं लागेल' हे शब्द नवख्या मुलींना ऐकायला लागतात, मुलांनाही लागतात. मुलं ते सहसा बोलून दाखवत नाहीत. असा मेसेज आला की रागाच्या भरात डिलीट करू नका. नंबर आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या आणि विश्वासातल्या एका माणसाला पाठवून ठेवा. उत्तर एका ओळीचं पुरे: 'मी फक्त कामासाठी उपलब्ध आहे.' काम गेलं तर जाऊ द्या. असं काम तसंही टिकत नाही, हे मी पुष्कळ जणींच्या बाबतीत पाहिलं आहे.

पायरी २: रंग, बोली, आडनाव

या पायरीवर थोडं थांबायला हवं, कारण इथे तुम्हाला स्वतःचीच शंका यायला लागते.

आधी रंग. नायिका सावळी आहे, गावातल्या मुलीची गोष्ट आहे, आणि तरीही गोरी मुलगी निवडून तिला रोज दोन-तीन शेड गडद बेस लावायचा, हे आपल्याकडच्या मालिकांमध्ये वारंवार होत आलं आहे. मेकअपरूममध्ये तो रंग हातांना, मानेला, कानामागे सारखा बसवायला सकाळचा किती वेळ जातो, ते कंटिन्युइटीवाल्यांना विचारा. घामाने मान उजळ दिसली की शॉट थांबतो. खरोखर सावळी असलेली मुलगी मात्र त्याच सेटवर नायिकेची मैत्रीण किंवा घरातली कामवाली असते. 'तुझा फेस कॅमेऱ्याला जात नाही' हे कुणी सांगितलं तर ते तंत्राचं मत समजू नका. कॅमेरा आणि लाइट कुठल्याही रंगाला जमवून घेता येतात, छायाचित्रकाराचं ते कामच आहे.

मग बोली. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी, आगरी, सातारी-कोल्हापुरी बोलणाऱ्यांना ऑडिशनमध्ये 'भाषा साफ कर' असं ऐकवतात, आणि त्याच बोलीचं विनोदी पात्र लिहायचं झालं की त्यांनाच बोलावतात. हिंदीत गेलं तर मराठी नटाकडे वर्षानुवर्षं हवालदार आणि मोलकरणीची भूमिका आली. माझं मत असं: प्रमाण मराठी कमावून ठेवा. 'न' आणि 'ण', 'श' आणि 'ष' जिभेवर बसवा, कारण नटाला आणि असिस्टंटला जितक्या भाषा येतील तितकं बरं. पण आपली बोली पुसून टाकू नका. वाचिक अभिनयाचा भाग म्हणून कुणी चूक दाखवली तर ऐकून घ्या. युनिटसमोर नक्कल करून हसवणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि 'हे कामाचं नाही, थांबवा' हे पहिल्याच वेळी शांतपणे म्हणायला हवं. पहिल्यांदा हसून सोडलंत तर तेच तुमचं सेटवरचं नाव होतं.

आणि आडनाव. 'पूर्ण नाव काय?', 'मूळचे कुठले?', 'घरी कोणता देव?' हे प्रश्न चहा घेता घेता येतात. सगळेच वाईट हेतूने विचारत नाहीत. पण उत्तरानंतर बोलण्याचा सूर बदलला, डब्यातलं खाणं बदललं, कामं बदलली, तर ते टिपून ठेवा. आडनाव गाळून फक्त नाव लावायचं, आईचं नाव लावायचं की पूर्ण नाव ठळक लिहायचं, हे तुमचं तुम्ही ठरवा. दुसऱ्या कुणाच्या सल्ल्याने घाईत बदलू नका, टायटलमध्ये एकदा गेलेलं नाव पुढे तुमची ओळख होतं.

जातीवरून लोकांसमोर मुद्दाम अपमान केला, जातीवाचक शिवी दिली, तर ती सेटवरची 'गंमत' राहत नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीसाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. सेटवर भोवती पन्नास माणसं असतात, म्हणजे साक्षीदार असतात. २०१८ च्या दुरुस्तीनंतर या कायद्याखाली गुन्हा नोंदवून घ्यायला आधी प्राथमिक चौकशीची अट नाही, आणि तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करतो. पोलीस ठाण्यात 'आधी चौकशी करू, मग बघू' म्हणाले तर हे माहीत असलेलं बरं.

पायरी ३: पैसे आणि कागद

टीव्हीमध्ये पैसे साधारण ९० दिवसांनी येतात, हे आधीच समजून घ्या. म्हणजे मुंबईत उतरल्यावर पहिले तीन-चार महिने खोलीचं भाडं आणि प्रवास स्वतःच्या खिशातून. जो निभावू शकतो तोच टिकतो. घरून पैसे येणाऱ्या मुलांना हा फरक जाणवत नाही, आणि न येणारी गुणी मुलं इथेच गळतात. मला हा या धंद्यातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी बोलला गेलेला भेदभाव वाटतो.

सिने कामगारांसाठी लेखी करार हवा हे १९८१ च्या कायद्यापासून ठरलेलं आहे, आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत 'दृक्-श्राव्य कामगार' या नावाखाली तीच तरतूद पुढे आली. प्रत्यक्षात नवख्या असिस्टंटच्या हातात करार पडत नाही. तो मागाच, आणि मिळेपर्यंत प्रॉडक्शन मॅनेजरला किंवा ईपीला (एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसरला) असा मेसेज टाका:

'दादा, आज ठरल्याप्रमाणे नोंद करते. १२ तासांची शिफ्ट, दिवसाला अमुक रुपये, रात्री उशिरा पॅकअप झाला तर घरी जायला गाडी किंवा कन्व्हेयन्स, पैसे ९० दिवसांत. काही वेगळं असेल तर कळवा.'

उत्तरात अंगठा आला तरी तुमच्या हातात पुरावा आला. टीडीएस कापला असेल तर आयकराच्या पोर्टलवर तो तुमच्या पॅनवर दिसतो का हे अधूनमधून बघा. त्या कंपनीने तुम्हाला कामाचे पैसे दिले, याची ती सरकारी नोंद असते. उद्या 'ही आमच्याकडे कामालाच नव्हती' असं कुणी म्हणालं तर ती नोंद उपयोगी पडते.

त्याच कामाचे शेजारच्या मुलाला किती मिळतात हे विचारायला लाजू नका. 'तुझं लग्न झालंय, नवरा कमावतोच', 'मुलगी आहेस, नाइटला थांबणार नाहीस' अशी कारणं देऊन मुलींना कमी दराने घेतात. दर सांगायचा नाही अशी सेटवरची रीत आहे, आणि ती पाळून फायदा फक्त प्रॉडक्शनचा होतो.

पायरी ४: पहिल्या आठवड्यात सेट वाचून घ्या

चहाच्या वेळेला बघा. स्पॉटदादा ट्रे घेऊन येतो. मॉनिटरजवळच्या लोकांना कपबशी किंवा काचेचा ग्लास, असिस्टंटना कागदी कप, आणि लाइटचे लोक थर्मासकडे स्वतः जातात. खुर्च्यांचंही तसंच. कोणती खुर्ची कुणाची ते कुठेही लिहिलेलं नसतं, पण चुकीच्या खुर्चीत बसलात की लगेच कळतं. जेवणाला काही सेटवर कलाकारांचं वेगळं, युनिटचं वेगळं. ही उतरंड एका दिवसात मोडायला जाऊ नका, पण तिच्यात सामीलही होऊ नका. वयाने मोठ्या स्पॉटदादाला 'ए' म्हणून हाक मारणारा एकविसाव्या वर्षीचा असिस्टंट मी पाहिला आहे, तो आठवडाभरात तसं बोलायला शिकला होता. लाइटदादा, सेटिंगदादा, ड्रेसदादा, हेअरच्या ताई यांच्याशी माणसासारखं वागा. अडचणीच्या वेळी सगळ्यात आधी तेच धावून येतात, आणि सेटवर काय घडलं ते त्यांनीच पाहिलेलं असतं.

दुसरी गोष्ट, बाथरूम. फिल्मसिटीच्या आत, मढला, नायगावला, किंवा वाईकडे आउटडोअरला गेलात की पहिल्या तासात बायकांचं स्वच्छतागृह आणि कपडे बदलायची जागा कुठे ते विचारा. मोठ्या कलाकारांना व्हॅनिटी व्हॅन असते. ज्युनियर आर्टिस्ट (गर्दीच्या सीनमधल्या) बायका झाडामागे साडी धरून कपडे बदलतात. मल्याळम चित्रपटसृष्टीतल्या बायकांच्या अडचणी तपासायला केरळमध्ये २०१७ साली नेमलेल्या हेमा समितीचा अहवाल ऑगस्ट २०२४ मध्ये लोकांसमोर आला, तेव्हा छळाच्या प्रकरणांवर सगळ्यांची नजर गेली, आणि ते योग्यच होतं. पण त्याच अहवालात हेही आहे की सेटवर स्वच्छतागृह नसल्याने बायका तासन्‌तास पाणी पीत नाहीत आणि त्यातून त्यांना आजार जडतात. मल्याळम सेटची ती गोष्ट वाचताना इथल्या कितीतरी जणींना आपलाच दिवस आठवला असेल. पाळीच्या दिवसात माळरानावर बारा तास उभं राहिलेल्या असिस्टंटला हे समजावून सांगावं लागत नाही. चार-पाच जणींनी मिळून कॉलशीटच्या ग्रुपवर 'उद्याच्या लोकेशनला बायकांसाठी टॉयलेटची सोय काय आहे?' एवढं विचारलं तर प्रॉडक्शनला उत्तर द्यावंच लागतं. एकटीने विचारलं तर 'नखरे' ठरतात.

खोल्यांमध्ये, विशेषतः आउटडोअरच्या हॉटेलात, लपवलेले कॅमेरे असू शकतात. आरसा, चार्जर, स्मोक डिटेक्टर बघून घ्या. परवानगीशिवाय बाईचं असं खासगी चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे.

पायरी ५: संघटनेचं कार्ड

नटांसाठी सिन्टा, लेखकांसाठी स्क्रीनरायटर्स असोसिएशन, मराठी चित्रपटांसाठी अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ, आणि वेगवेगळ्या खात्यांच्या संघटना एकत्र आणणारं फेडरेशन. आपल्या खात्याची संघटना कोणती, सभासदत्वाची अट काय, हे पहिल्या महिन्यातच विचारून घ्या. पैसे थकले की संघटनेच्या पत्राला जे वजन असतं ते एकट्याच्या फोनला नसतं.

संघटना आपल्याच असल्या तरी त्यांच्याकडे डोळे झाकून बघू नका. मुंबईच्या मेकअप आणि हेअरच्या संघटनेत कित्येक दशकं असा नियम होता की मेकअप आर्टिस्ट पुरुषच, बाईने फक्त हेअर करायचं. चारू खुराना या प्रशिक्षित मेकअप आर्टिस्टला याच नियमामुळे कार्ड नाकारलं गेलं. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्यायालयाने तो नियम रद्द केला. महाराष्ट्रात पाच वर्षं राहिल्याची अटही त्याच निकालात गेली. त्यामुळे 'आमच्यात असंच चालतं' असं कुणी म्हणालं तर लेखी नियम दाखवा म्हणा. आजही कॅमेरा, लाइट, साउंडमध्ये मुलगी आली की 'वजन उचलशील का?' हा पहिला प्रश्न असतो. उचलता येत असेल तर उचला, आणि येत नसेल तर तेच वजन दोन पुरुषही मिळूनच उचलतात हे सेटवर रोज दिसतं.

पायरी ६: लैंगिक छळ झाला तर

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा सगळ्यांनी पाठच करावा असा आहे. दहा किंवा अधिक माणसं काम करतात त्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, किमान निम्म्या सदस्य स्त्रिया, आणि बाहेरच्या संस्थेची एक व्यक्ती. केरळ उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये चित्रपटाच्या प्रॉडक्शन युनिटलाही अशी समिती हवी असं स्पष्ट केलं. तेव्हा कामाला लागतानाच विचारा: 'समितीत कोण आहे, नंबर काय?' हा प्रश्न रुजू होताना विचारला तर साधा वाटतो. घटना घडल्यावर विचारायला धीर लागतो.

'मी कायम नोकरीत नाही, मला काय लागू?' असं बऱ्याच जणींना वाटतं. लागू आहे. रोजंदारीवर, ठेकेदारामार्फत, इंटर्न म्हणून, बिनपगारी काम करणारीलाही. ऑडिशनला आलेली, अजून काम न मिळालेली मुलगीही तक्रार करू शकते. कामानिमित्त गेलात ते हॉटेल, प्रॉडक्शनची गाडी, हेही कामाचं ठिकाणच धरतात.

मुदत लक्षात ठेवा: घटनेपासून तीन महिने, घटना वारंवार घडत असतील तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. तक्रार लेखी, कागदपत्रांसह, सहा प्रतींत, साक्षीदारांच्या नावांसकट. लिहिता येत नसेल तर लिहून द्यायला मदत करणं हे समितीचं काम आहे. चौकशी ९० दिवसांत पुरी व्हायला हवी. दोन्ही बाजूंना समितीपुढे वकील आणता येत नाही, त्यामुळे समोरचा मोठा वकील लावेल ही भीती सोडा. चौकशी चालू असताना तीन महिन्यांपर्यंत रजा किंवा त्या माणसापासून वेगळं काम मागता येतं. समेट करायचा की नाही हे फक्त तक्रारदार ठरवते, आणि पैसे घेऊन समेट कायद्यात बसत नाही. 'सिद्ध झालं नाही तर तुझ्यावरच केस' अशी धमकी देतात. नुसतं सिद्ध न होणं म्हणजे खोटी तक्रार नव्हे, हे कायद्यातच लिहिलं आहे.

समिती नसेल, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. इथे सेट कुठल्या जिल्ह्यात आहे ते बघावं लागतं: गोरेगावची फिल्मसिटी, अंधेरी, मढ हे मुंबई उपनगर जिल्ह्यात, मीरा रोड ठाण्यात, नायगाव पालघरमध्ये, वाई साताऱ्यात. केंद्राच्या शी-बॉक्स पोर्टलवरही तक्रार टाकता येते. तातडीला ११२, महिला हेल्पलाइन १८१. पोलिसांत जायचा हक्क समितीमुळे जात नाही.

या कायद्यात तक्रारदार स्त्रीच असते. मुलांनी, आणि ज्यांची ओळख स्त्री-पुरुष चौकटीत बसत नाही त्यांनी, आधी कंपनीचं स्वतःचं धोरण मागावं, कारण काही ठिकाणी ते सगळ्यांसाठी असतं. ट्रान्सजेंडर व्यक्तींना नोकरीत भेदभाव करता येत नाही हे २०१९ च्या कायद्यात आहे. तरीही या बाजूने संरक्षण अपुरं आहे, आणि ते वाढायला हवं.

पायरी ७: मूल सेटवर असेल तर

आईवडिलांसाठी थोडक्यात. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, आणि मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के त्याच्याच नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. टेलिकास्ट अडलंय म्हणून रात्रीचा सीन लांबवत असतील तर घड्याळ दाखवून मुलाला घेऊन निघा.

पायरी ८: रोजची नोंद, आणि दुसऱ्याची साक्ष

कंटिन्युइटीवाले प्रत्येक शॉट लिहितात: कोणत्या हातात कप, पदर कोणत्या खांद्यावर. तशीच एक छोटी वही स्वतःसाठी ठेवा. तारीख, लोकेशन, कॉलटाइम, पॅकअप, आणि काही घडलं असेल तर नेमके शब्द, कोण हजर होतं ते. 'मला वाईट वाटलं' असं न लिहिता 'अमुक वाजता, मेकअपरूमच्या दारात, असं म्हणाला' असं. फोनच्या स्क्रीनशॉटची एक प्रत ईमेलवर.

आणि जेव्हा घटना तुमच्यासोबत नाही, शेजारच्या ज्युनियर आर्टिस्टसोबत घडते, तेव्हाही वही काढा. तिचा फोन यायचा बंद होईल या भीतीने ती बहुतेक गप्प बसते. तिला काय करायचं ते तिने ठरवावं, तिच्या वतीने ग्रुपवर लिहू नका आणि तिचं नाव कुठेही टाकू नका. पॅकअपनंतर तिच्यासोबत स्टेशनपर्यंत जा, 'मी पाहिलं, लागलं तर सांगेन' म्हणा, आणि त्याच रात्री तुम्ही काय पाहिलं ते लिहून खाली तारीख आणि सही करून ठेवा.